तुतारीच्या पट्टीत

एका ऐतिहासिक मराठी चित्रपटाच्या बॅकग्राऊंडसाठी निरोप आला आहे. नाव सांगायची मुभा नाही. किल्ले आहेत, घोडे आहेत, रात्रीची एक चढाई आहे, एवढं सांगितल्यानं कोणाचं काही बिघडणार नाही, कारण हे नसलेला ऐतिहासिक चित्रपट आपल्याकडे निघतच नाही. मेसेंजरनं, म्हणजे वादकांना बोलावण्याचं काम करणाऱ्या माणसानं, फोनवर मोजकंच सांगितलं: स्ट्रिंग्ज मोठ्या आहेत, सगळं लाइव्ह आहे आणि तारखा अजून हलताहेत. हाती एकही कागद आलेला नाही. संगीतकारानं लिहायला घेतलंय की नाही, तेही ठाऊक नाही. तरी ते संगीत कसं असेल, खरं तर कसं असावं, याचा विचार माझ्या डोक्यात सुरू झाला आहे.

मी सेकंड व्हायोलिन वाजवते. प्रेक्षकाच्या अंगावर काटा आणणारी सुरावट सहसा फर्स्ट व्हायोलिनकडे असते, नाहीतर हॉर्नकडे. आमच्याकडे येते ती तिच्या खालची हालचाल. त्यामुळे संगीतकाराचं पाणी आम्हाला लवकर जोखता येतं. वरची सुरावट चांगली लिहिणारे पुष्कळ आहेत. मधल्या आवाजालाही स्वतःचं काही म्हणणं असतं, हे लक्षात ठेवून लिहिणारे थोडे.

गेली काही वर्षं ऐतिहासिक चित्रपट म्हटला की स्टँडवर येणारा कागद मी न बघता सांगू शकते. डी मायनर. एका मात्रेत चार स्वर, तेच ते, पानंच्या पानं, बो तारेवरून किंचित उसळवत. वर ढोल, त्याच्यावर आणखी ढोल, मग कोरसचा हुंकार. खवणीवर नारळ खवत बसावं तसा दंड भरून येतो. हा प्रकार मुळात वाईट नाही. घोडा दौडतो आहे हे सांगायला तो उत्तम आहे. पण घोडा कोणाचा, निघाला कुठे आणि वर बसलेल्याच्या पोटात गोळा आला आहे का, यातलं काहीच त्यातून कळत नाही. पाच मिनिटं असा गजर ऐकला की सहाव्या मिनिटाला कानावर काही आदळेनासं होतं, आणि मग आवाज आणखी वाढवला जातो.

मला जे हवं आहे त्याचा नमुना १९३८ सालचा आहे, आणि तो हॉलिवूडमधला आहे.

एरिख वोल्फगांग कोर्नगोल्ड हा व्हिएन्नात वाढलेला संगीतकार. लहानपणापासून नावाजलेला. १९२० साली, वयाच्या तेविसाव्या वर्षी, त्याच्या ‘डी टोटे श्टाट’ या ऑपेरानं जर्मन रंगभूमी गाजवली. १९३४ मध्ये नाट्यदिग्दर्शक माक्स राइनहार्ट यांनी त्याला हॉलिवूडला बोलावून घेतलं. दुसऱ्याच वर्षी एरल फ्लिनचा ‘कॅप्टन ब्लड’ त्याच्याकडे आला, आणि तलवारी-जहाजांच्या चित्रपटाला ऑपेराचं संगीत मिळालं. १९३८ च्या फेब्रुवारीत त्याला ‘द ॲडव्हेंचर्स ऑफ रॉबिन हूड’ दाखवण्यात आला. त्यानं नकार दिला. यात हाणामारीच फार आहे, हे माझ्या हातचं काम नाही, असं त्याचं म्हणणं. नेमक्या त्याच दिवसांत ऑस्ट्रियातून बातम्या येऊ लागल्या. हिटलरचा दबाव वाढत होता आणि कोर्नगोल्ड ज्यू होता. त्यानं काम घेतलं. मार्चमध्ये जर्मन फौजा ऑस्ट्रियात शिरल्या आणि परतीचं दार बंद झालं. या चित्रपटानं आपला जीव वाचवला, असं तो पुढे सांगत असे. त्या संगीताला ऑस्कर मिळालं. त्याआधी हा मान स्टुडिओच्या संगीत विभागप्रमुखाच्या नावे जायचा. तो प्रत्यक्ष संगीतकाराच्या नावावर लागला तो इथून.

जीव टांगणीला लागलेल्या माणसानं लिहिलेलं हे संगीत ऐका, त्यात भीतीचा लवलेश नाही. पाट्यांखाली वाजणारी मार्च चक्क मिश्कील आहे. छाती काढून चालता चालता मध्येच डोळा मारावा, तशी. ती सुरावट त्यानं व्हिएन्नात एका ऑपेरेटाच्या कामात आधी वापरली होती. रॉबिनच्या शौर्याच्या काही जागा आल्या आहेत ‘सुर्सुम कोर्दा’ या मैफलीसाठी लिहिलेल्या रचनेतून. १९२० साली व्हिएन्नाच्या श्रोत्यांनी ती रचना नाकारली होती. जुन्या सामानातून नवं घर उभारण्यात त्याला कमीपणा वाटला नाही. मला मात्र त्यातली वेगळीच गोष्ट महत्त्वाची वाटते. ते सामान मुळात गाण्याचं होतं. हाणामारीचा प्रसंग आला तरी त्याच्या ऑर्केस्ट्रात कोणीतरी गातच असतं. तलवारींचा खणखणाट चालू असताना व्हायोलिनं लांब श्वासाची ओळ धरून असतात आणि मधले आवाज तिला उत्तर देत राहतात. सेकंड व्हायोलिनच्या कागदावर सुद्धा गुणगुणता येईल असं काही सापडतं.

आम्हा व्हायोलिनवाल्यांना कोर्नगोल्ड माहीत असतो तो त्याच्या कॉन्चेर्तोमुळे. याशा हायफेट्झनं तो १९४७ मध्ये सेंट लुईसला पहिल्यांदा वाजवला. त्यातल्या बहुतेक सुरावटी चित्रपटांतून उचललेल्या आहेत. शेवटच्या भागातली धावती, खोडकर सुरावट आहे ‘द प्रिन्स अँड द पॉपर’ची. चित्रपटातलं संगीत म्हणून नाक मुरडणाऱ्या मंडळींना तोच माल मैफलीत ऐकावा लागला. मला तो भाग फार आवडतो, आणि त्यातला आनंद निव्वळ वाजवण्याचा नाही.

कोर्नगोल्डच्या जातीच्या संगीताचं मर्म उडीत आहे. सुरावट पायरीपायरीनं वर चढत नाही, ती झेप घेते. सा वरून थेट पंचमावर, पंचमावरून वरच्या षड्जावर. जॉन विल्यम्सच्या १९७७ च्या ‘स्टार वॉर्स’च्या मुख्य सुरावटीचे पहिले दोन लांब स्वर आठवून पाहा. सा आणि प, दुसरं काही नाही. ही झेप आली शिकारीच्या शिंगातून. फ्रेंच हॉर्न म्हणजे मूळचं शिकारीचं शिंग. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला त्याला व्हॉल्व्ह बसेपर्यंत मुख्यतः नळीतून आपसूक निघणारे स्वरच त्यातून निघत. षड्ज, पंचम, वरचा षड्ज, गांधार, पुन्हा पंचम. ओठ आवळले की पुढचा स्वर, सैल सोडले की मागचा. मधल्या जागा जवळपास नाहीतच. युरोपच्या कानाला धाडस म्हणजे हे अंतर, कारण जंगलात दुरून हाक यायची ती याच स्वरांत.

इथवर आलं की आपल्याकडचे जाणकार हात झटकतात. ते त्यांचं, आपली परंपरा निराळी, आपल्याकडे पोवाडा आहे. पोवाडा आहेच, आणि त्याचं बळ शब्दांत आहे. शाहिराची चाल थोड्या स्वरांत फिरते, एका स्वरावर शब्दांची रास ओतते, डफ आणि तुणतुण्याच्या जोरावर पुढे रेटते, आणि मग झिलकरी तो स्वर उचलून धरतात. ती कथा सांगायची रीत आहे. ऑर्केस्ट्रानं तिची नक्कल केली की हसं होतं, कारण ऑर्केस्ट्राकडे शब्द नाहीत. शब्द काढून घेतलेला पोवाडा साठ वादकांनी मिळून वाजवला तर तोच तो स्वर साठपट जोरात ऐकू येतो. माझा तर असा संशय आहे की डी मायनरमधली ती आमची खवणी याच गैरसमजातून जन्मली.

पण पोवाड्याच्या शेजारीच आपल्याकडे दुसरंही एक वाद्य आहे. तुतारी. हल्ली तुतारी म्हटलं की लोकांना निवडणुकीचं चिन्ह आठवतं, पण घटकाभर ते बाजूला ठेवू. तुतारी म्हणजे धातूची वाकवलेली नळी. तिला भोकं नाहीत, पडदे नाहीत, व्हॉल्व्ह नाहीत. फुंकणाऱ्याच्या ओठांत दम असेल तर तिच्यातून निघतात ते जवळपास तेच स्वर: षड्ज, पंचम, वरचा षड्ज, आणि त्याच्याही वर गेलं तर गांधार. रॉबिन हूडच्या शर्वुड जंगलातलं शिंग आणि रायगडाच्या दारातली तुतारी, दोन्हींचं शास्त्र एकच आहे. नळीतली हवा देश बघून थरथरत नाही. झेप परकी नाही. ती आपल्या दारात उभी आहे, आणि आपण तिला पाहुण्यांच्या स्वागताला लावलं आहे.

आता एक गंमत. या स्वरमालेत येणारा गांधार शुद्ध आहे, आणि डी मायनरमध्ये लागतो तो कोमल. म्हणजे आपण ऐतिहासिक चित्रपटासाठी जी पट्टी ठरवून टाकली आहे तिच्यात मराठ्यांच्या तुतारीला मोकळेपणानं वाजायला जागाच नाही. तिला षड्ज आणि पंचम एवढ्यांवर भागवावं लागतं. तिसरा स्वर लावला की ती बेसूर ठरते. बहुतेकदा असा तिसरा स्वर लागू नये याची काळजी घेतली जाते, नाहीतर तुतारी नुसती चित्रात दिसते आणि ऐकू येतो तो ट्रम्पेट.

शुद्ध म्हणजे तरी कुठला शुद्ध? तानपुरा नीट लागला की खर्जाच्या तारेतून जो स्वयंभू गांधार ऐकू येतो, तो. कीबोर्डवरच्या गांधारापेक्षा तो उतरलेला असतो, अर्ध्या स्वराच्या साधारण सातव्या भागाइतका. कागदावर हे अंतर किरकोळ वाटतं. कानाला ते वाटत नाही. तो उतरलेला गांधार मोठ्या समुदायानं मिळून लावला की स्वर कापेनासा होतो, एकदम स्थिर उभा राहतो. तुतारीचा गांधारही त्याच जागेच्या आसपास असतो. आसपास म्हणते, कारण तुतारी हातानं घडवलेली असते, तिचा आकार वेडावाकडा आणि तिचे स्वर पुस्तकातल्या जागेवरून थोडे सरकलेले.

एकदा एका रेकॉर्डिंगला साताऱ्याकडचे एक तुतारीवाले काका आले होते. त्यांना बोलावलं ते सगळं उरकल्यावर. आमचा सेक्शन वाजवून मोकळा झाला होता, मी पेटी बंद करत होते. त्यांच्या कानांवर हेडफोन चढवला, तयार ट्रॅक लावला आणि काचेपलीकडून सूचना सुरू झाल्या. जरा वर घ्या. नाही, थोडं खाली. काकांनी दोनदा फुंकलं, हेडफोन काढला आणि माझ्याकडे बघून म्हणाले, “ताई, ही काय पेटी हाय व्हय, वर-खाली कराया?” त्यांची तुतारी ई फ्लॅटच्या किंचित खाली बोलत होती, आणि बोलत होती भरदार. शेवटी ते वाजवून गेले आणि त्यांचा स्वर सॉफ्टवेअरनं ओढून जागेवर बसवण्यात आला. चित्रपटगृहात जे ऐकू आलं ते तुतारीही नव्हतं आणि ट्रम्पेटही नव्हतं.

सगळ्यात आधी काकांना बोलावलं असतं तर? त्यांचा षड्ज मोजायचा, त्यावरून पट्टी ठरवायची, आणि आम्ही तारा उतरवून त्यांच्याशी मिळवून घ्यायच्या. व्हायोलिन, व्हायोला, चेलो, बेस या सगळ्यांना ते सहज जमतं. हॉर्नवाले स्लाइड थोडी ओढून घेतात. लाकडी सुषिर वाद्यांची थोडी तारांबळ उडते, पण तीही सांभाळून घेतात. संगणकातलं अख्खं व्हायोलिन एका आकड्यानं खाली आणता येतं, हे मला माहीत आहे. पण इथे तुतारीच्या गांधाराला मिळायचं, तिथे गायकाच्या, तिसरीकडे कोणाच्याच नाही आणि म्हणून किंचित चढा ठेवायचा, हे क्षणोक्षणी ठरवायला कान लागतात आणि डाव्या हाताची बोटं लागतात. सगळं लाइव्ह आहे, हे ऐकून मला आनंद झाला तो याचसाठी. कामाचे पैसे मिळतात म्हणूनही झाला, ते लपवण्यात अर्थ नाही.

मोठ्या ऑर्केस्ट्राचं अप्रूप मला नाही. नौशादांनी १९५२ च्या ‘आन’साठी शंभर वादकांचा ताफा वापरल्याचं मुंबईत अजून सांगतात, आणि सांगणाऱ्याचा आवाज शंभर म्हणताना चढतो. आकड्यानं भारावून जाण्याची ही खोड जुनीच. त्याच १९५२ साली भालजी पेंढारकरांच्या ‘छत्रपती शिवाजी’ला सी. रामचंद्र यांचं संगीत होतं. पुढे भालजींच्याच ‘मोहित्यांची मंजुळा’ आणि ‘मराठा तितुका मेळवावा’ला लताबाईंनी आनंदघन या नावानं चाली दिल्या. वादकांचा ताफा बघून त्या चाली कोणी लक्षात ठेवलेल्या नाहीत. लोकांना त्या आजही तोंडपाठ आहेत, कारण त्या गाता येतात. पण ती सगळी गाण्यांची गोष्ट झाली. गाण्यांच्या मधल्या प्रसंगांना, चढाईला, वाट बघण्याला, दगाफटक्याला, स्वतःचं संगीत असावं आणि त्यालाही गाण्याइतकी किंमत असावी, ही जाणीव मराठी चित्रपटात उशिरा आली. दिग्पाल लांजेकरांच्या ‘फत्तेशिकस्त’, ‘पावनखिंड’ या चित्रपटांसाठी देवदत्त मनीषा बाजी यांनी काम केलं त्यात या दिशेचा प्रयत्न ऐकू येतो. अजय-अतुल यांनी २०१६ च्या ‘सैराट’चं संगीत लॉस एंजेलिसच्या सोनी स्कोअरिंग स्टेजवर तिथल्या वादकांकडून वाजवून घेतलं. गावाकडची प्रेमकथा आणि एवढा ऑर्केस्ट्रा, असं म्हणत तेव्हा भुवया वर गेल्या होत्या. मला त्यातल्या स्ट्रिंग्ज आवडल्या, कारण त्या गात होत्या. वाजवणारे कुठल्या देशातले, हा मुद्दा मला गौण वाटतो. हल्ली बुडापेस्टच्या वादकांकडून इंटरनेटवरून स्ट्रिंग्ज वाजवून घेण्याची सोय आहे, आणि ते लोक पहिल्या वाचनातच असं वाजवतात की हेवा वाटावा. फक्त त्यांच्या खोलीत तुतारीवाले काका नसतात.

कोर्नगोल्डपासून शिकण्यासारखी आणखी एक गोष्ट म्हणजे ते हसू. साहस म्हणजे केवळ त्वेष, असं आपण धरून चाललो आहोत. शिवचरित्रातल्या साहसांत तर मिश्कीलपणा ठासून भरला आहे. १६६३ च्या एप्रिलमधला लाल महालावरचा छापाच घ्या. लग्नाच्या वरातीच्या आडून माणसं पुण्यात शिरली, अशी कथा आहे. संगीतकाराला यापेक्षा मोठी देणगी कोण देणार! पडद्यावर सनई-चौघडा वाजतोय, वऱ्हाडी नाचतायत. व्हायोला आणि चेलो त्याच चालीतला एक तुकडा उचलतात, बोटानं तार छेडत, अगदी हलक्या आवाजात. सनई आपली मंगल आहे. खाली मात्र कुजबुज सुरू झाली आहे. मग एकेक वाद्य त्या कुजबुजीत सामील होत जातं, सनई आपल्याच नादात वाजत राहते, आणि प्रेक्षकाला कळतं की पहारेकऱ्यांना कळलेलं नाही. इथे ढोल लागत नाही की हुंकार लागत नाही. आग्र्याहून सुटकेच्या प्रसंगालाही हीच नजर हवी. पेटारे जातायत-येतायत, रोजचा क्रम आहे, पहारेकरी कंटाळले आहेत. कंटाळ्याला संगीत देता आलं पाहिजे. ते ज्याला जमेल त्याला सुटकाही जमेल.

रात्रीच्या चढाईचं काय करणार, ही मला सगळ्यात जास्त उत्सुकता आहे. १६७० च्या फेब्रुवारीतली सिंहगडची चढाई १९३३ मध्ये ‘प्रभात’च्या ‘सिंहगड’मध्ये आली, आणि तेव्हापासून कितीदा आली असेल. रात्री चोरून गड चढणारी माणसं आवाज करत नाहीत. मग संगीतानं एवढा गलका का करायचा? कुरोसावाच्या १९८५ च्या ‘रान’मध्ये किल्ला पडतो तो प्रसंग बघा. बाण सुटतायत, आग लागली आहे, माणसं मरतायत, आणि यातलं काहीही ऐकू येत नाही. ऐकू येतं ते फक्त तोरू ताकेमित्सू यांचं संगीत, संथ आणि शोकाकुल, सापोरोच्या ऑर्केस्ट्रानं वाजवलेलं. मग बंदुकीचा एक बार होतो आणि सगळा कोलाहल एकदम कानावर येतो. मॉरिस जारचं ‘लॉरेन्स ऑफ अरेबिया’ घ्या. काडी फुंकली जाते, वाळवंटात पहाट होते, आणि संगीत सुरू व्हायला क्षणभर थांबतं. त्या थांबण्यामुळे वाळवंट मोठं दिसतं. सह्याद्रीचा कडा याहून लहान नाही. कड्यावर चढणाऱ्यांसाठी मला एकच चेलो चालेल, किंवा आमच्यापैकी चौघींनी म्यूट लावून, बो घोडीच्या जवळ नेऊन काढलेला काचेसारखा एक स्वर. आणि वर पोचल्यावर ती तुतारी, शुद्ध गांधारासकट.

हे सगळं मनात मांडायला काही लागत नाही. प्रत्यक्षात संगीतकारापुढे काय येतं ते मला माहीत आहे. एडिटिंगच्या टेबलावर तात्पुरतं म्हणून कुठल्यातरी परदेशी चित्रपटाचं संगीत लावलेलं असतं. त्याला टेम्प म्हणतात. दिग्दर्शक ते महिनोन् महिने ऐकतो, त्याच्या प्रेमात पडतो, आणि संगीतकाराला सांगतो, असंच पण वेगळं द्या. संवाद चढ्या पट्टीत आधीच बोलून झालेले असतात. नेमक्या त्याच उंचीवर व्हायोलिनं लिहिली की दोघांची मारामारी होते आणि मिक्सिंगमध्ये व्हायोलिनं हरतात. हरलीच पाहिजेत, संवाद कळायला हवा. म्हणून शहाणा संगीतकार अशा जागी स्ट्रिंग्जना खाली ठेवतो. हे पक्कं ओळखणारा माणूस होता वनराज भाटिया. लंडनच्या रॉयल अकॅडमीत आणि पॅरिसला नादिया बुलांजे यांच्याकडे शिकून आलेल्या या माणसानं ‘भारत एक खोज’साठी दूरदर्शनच्या लहानशा आवाजात केवढा मोठा काळ उभा केला! तरुण संगीतकारांनी ते संगीत पुन्हा ऐकावं. आणि सगळ्यांच्या वर असते प्रदर्शनाची तारीख. ती शिवजयंतीची असते नाहीतर महाराष्ट्र दिनाची, आणि हलत नाही. हलतात त्या आमच्या तारखा. चित्रीकरण लांबलं, एडिटिंग लांबलं, की कात्री लागते ती संगीताच्या आठवड्यांना. वेळ नसला की डी मायनर आणि खवणी, याला कोण काय करणार. कोर्नगोल्डलाही थोडेच आठवडे मिळाले होते, असं कोणी म्हणेल. खरं आहे. पण त्याला पूर्ण वेळ ऑर्केस्ट्रा बाळगणारा स्टुडिओ मिळाला होता, ह्यूगो फ्रीडहोफरसारखा ऑर्केस्ट्रेशन करणारा जोडीदार होता, आणि पाठीशी ऑपेराची पुंजी होती. आपल्याकडे आठवडे तेवढेच ठेवून बाकी सगळं वगळतात.

तरी मी आशेवर आहे. मुंबईत आज चांगले स्ट्रिंग्ज वाजवणारे आहेत. एनसीपीएचा सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया २००६ पासून चालू आहे, त्यामुळे मोठ्या समुदायात वाजवण्याची सवय असलेली माणसं या शहरात मिळतात. गोव्यातल्या चर्चच्या शाळांतून स्टाफ नोटेशन शिकून आलेल्या अँथनी गोन्साल्विस, सेबॅस्टियन डिसूझा यांच्या पिढीनं हिंदी चित्रपटांना ऑर्केस्ट्रा दिला. प्रभाकर जोगांनी मराठी घरांत व्हायोलिनला शब्द बोलायला लावलं. माझ्या हातात थोडं हे आहे आणि थोडं ते. नोटेशन बघून वाजवताना गांधार आपसूक खाली जातो, आणि पूर्वी त्याबद्दल बोलणी बसायची. या चित्रपटात कदाचित त्याचाच उपयोग होईल.

ऐतिहासिक चित्रपट काढणाऱ्यांना म्हणून माझी विनंती आहे. तलवारी घडवणाऱ्याला, फेटे बांधणाऱ्याला तुम्ही चित्रीकरणाच्या आधी बोलावता. तुतारीवाल्यालाही संगीताची पहिली ओळ लिहिली जाण्याआधी बोलवा, त्याचा षड्ज घ्या आणि मग पट्टी ठरवा. संगीतकाराला प्रदर्शनाच्या आधी निदान दोन महिने द्या. आणि शेवटच्या पाट्यांमध्ये वाजवणाऱ्यांची नावं लिहा, सेकंड व्हायोलिनपर्यंत.